गणेशखिंडीतील पावसाळी घर

वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वराच्या देवालयात गेलेल्या मनुष्यास काळ्या पाषाणाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळचे शिलालेख तेथे आहेत. हेमाडपंती पद्धतीप्रमाणे दगडावर दगड बसवून, एकाच्या भाराने दुसरा जखडून, ते काम उभे केलेले आहे. ज्या दगडाचे हे देवालय झाले, त्याच जातीच्या दगडाचे, परंतु अगदी वेगळ्या हेतूने आणि वेगळ्या लोकांच्या हुकमाने बांधलेले एक घर पुण्यास गणेशखिंडीत उभे आहे. वेळापूर ज्या सोलापूर जिल्ह्यात मोडते, त्या जिल्ह्यातील तरुणांनी एके काळी आपल्या पदव्या या घरातून घेतल्या. परंतु हे घर विद्यार्थ्यांसाठी बांधलेले नव्हते. ते मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे पावसाळ्यात राहावयाचे घर होते.

गव्हर्नरांचे वर्ष त्या काळी तीन ठिकाणी विभागलेले असे. हिवाळा मुंबईस, उन्हाळा महाबळेश्वरी आणि मृगाचा पाऊस लागला म्हणजे मुक्काम पुण्यास. मुंबईचा दमट पावसाळा गोऱ्या माणसास मानवत नसे, महाबळेश्वरी तर पाऊस घरात शिरे, आणि पुण्याची हवा मात्र त्या चार महिन्यांत मोठी आल्हाददायक असे. ज्येष्ठ वद्यात आळंदीहून ज्ञानदेवांची पालखी निघून पुण्यावरून माळशिरस, वेळापूर या वाटेने पंढरीस जाते. तिच्याच आगेमागे लाटसाहेबांचा लवाजमा पुण्यात येऊन दाखल होई. एक लवाजमा चिखल तुडवीत पुढे जाई, दुसरा पाऊस संपेपर्यंत तेथेच राही.

गणेशखिंडीचे घर होण्यापूर्वी हा मुक्काम दापोडीस पडत असे. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळ फोर्ड नावाच्या सेनाधिकाऱ्याने बांधलेला बंगला तेथे होता, आणि सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १८२७ ते १८३० च्या दरम्यान, तो सरकारने घेतला. त्याच्या आवारात वनस्पतींची एक नामांकित बाग उभी राहिली. तिची व्यवस्था पाहणारे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन पुढे मुंबई इलाख्याच्या जंगल खात्याचे पहिले मुख्य झाले. या फोर्डचे नाव पेशवाईच्या अखेरीच्या इतिहासातही येते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखले यांच्या हाताखाली पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने खडकीवर चालून गेली, तेव्हा दापोडीहून आपली पलटण घेऊन इंग्रजांस मिळाला तो हाच फोर्ड. त्याच्या पलटणीवर ज्यांनी घोडी घातली ते मोरोपंत दीक्षित त्याचे जुने स्नेही होते. ते त्याच ठिकाणी पडले. त्या दिवशी पेशवे पर्वतीवरून लढाई पाहत होते. ज्या माळावर त्यांचे राज्य हातचे गेले, त्या माळाच्या कडेला पन्नास वर्षांच्या आत जिंकणाऱ्यांनी आपले घर बांधावयास घेतले. ही जागा मुद्दाम त्याकरिताच निवडली असे म्हणण्याचे कारण नाही. उंच, मोकळी, लष्करी छावणीस जवळ आणि शहरापासून हात राखून असलेली अशी दुसरी जागा त्यांस मिळाली नसती, एवढेच.

घराचा पाया १८६४ साली घातला गेला. गव्हर्नर होते सर बार्टल फ्रियर. मनुष्य कर्तबगार, सातारच्या दरबारी राहिलेला, आणि पैसा खर्च करावयास न भिणारा. मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडून आजची मुंबई ज्यांनी आखली ते हेच. तट पाडण्याच्या कामासाठी जी समिती नेमली होती, तिचे वास्तुशिल्पी जेम्स ट्रबशॉ यांजकडेच गणेशखिंडीचा आराखडा देण्यात आला.

परंतु या घराचा खरा बांधणारा फ्रियरही नव्हे आणि ट्रबशॉही नव्हे. तो कापूस होय. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध जुंपले. दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस बंद पडला. इंग्लंडला कापूस हवा होता आणि तो मुंबई बंदरातून मिळत होता. भाव चढले. मुंबईत पैशाचा असा पूर आला की समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग दामदुपटीने विकले जाऊ लागले आणि प्रेमचंद रायचंद यांचे नाव व्यापाराचे दैवत म्हणून लोकांच्या तोंडी झाले. सरकारी तिजोरीसही या भरतीचा स्पर्श झाला. अशा दिवसांत गव्हर्नरांनी पावसाळी घराचा आराखडा मोठा केला, यात नवल कसले?

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध थांबले. कापूस पडला, कंपन्या पडल्या, प्रेमचंद बुडाले. सरकारचा ज्यात भाग होता ती बँक ऑफ बॉम्बे डबघाईस येऊन १८६८ मध्ये गुंडाळावी लागली, आणि पुढील चौकशीत फ्रियर यांच्या सरकारावरही ठपका आला. परंतु गणेशखिंडीचे दगडी काम पडत नव्हते, ते वर चढतच होते. विलायतेत पार्लमेंटापुढे या घराचा दाखला निघाला, तो मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळपट्टीचा आणि वरिष्ठांचे न ऐकण्याचा नमुना म्हणून. घर १८७१ साली पुरे झाले. फ्रियर १८६७ मध्येच गव्हर्नरपदावरून उतरले होते. ज्याने एवढा बोल लावून घेतला, त्यास गव्हर्नर या नात्याने त्या पुऱ्या झालेल्या घरात एक पावसाळादेखील काढावयास मिळाला नाही.

कापसाच्या त्याच भरतीचा दुसरा अंक दख्खनच्या खेड्यांतून झाला, आणि तो या घराच्या हकिगतीपासून तोडता येत नाही. भाव चढते असताना सावकारांनी शेतकऱ्यांस हात सैल सोडून कर्ज दिले. त्याच सुमारास सरकारने जमिनीची फेरआकारणी आरंभिली. नीरेच्या अलीकडे माळशिरस आणि पलीकडे इंदापूर. त्या इंदापुरात १८६७ मध्ये सारा वाढला. भाव उतरले, सारा मात्र चढलेलाच राहिला आणि कर्जाचे रोखे सावकाराच्या पेटीत तसेच राहिले. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून रोखे आणि वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ आला, आणि त्याचा मोठा तडाखा सोलापूर जिल्ह्यास बसला. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांकरिता शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. कापसाची एकच लाट. तिने गणेशखिंडीत मनोरा ठेवला आणि भीमाकाठी रोखे ठेवले.

आता घराकडे वळावे.

दुरून प्रथम डोळ्यांत भरतो तो चौकोनी मनोरा. जवळजवळ ऐंशी फुटांवर गेलेला हा मनोरा घराच्या लांबच लांब अंगावर अशा रीतीने उभा आहे की, तो काढून टाकला तर उरलेली इमारत एखाद्या चांगल्या कचेरीसारखी दिसेल. अशा मनोऱ्याचे मूळ इटलीत आहे. तेथे देवळाशेजारी घंटेसाठी सुटा मनोरा बांधण्याची चाल जुनी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या धनिकांस इटलीच्या खेड्यांतील हवेल्यांचे वेड लागले आणि घंटा मागे राहून मनोरा तेवढा विलायतेस आला. खुद्द व्हिक्टोरिया राणी आणि तिचा पती आल्बर्ट यांनी वाइट बेटावर १८४५ पासून ऑस्बोर्न हे आपले खाजगी घर बांधले, ते याच धाटणीचे. त्याला दोन मनोरे आहेत, एक घड्याळाचा आणि एक निशाणाचा. राणीने केले म्हटल्यावर सरदारांनी केले, आणि सरदारांनी केले म्हटल्यावर वसाहतींतील अधिकाऱ्यांनी केले. गणेशखिंडीच्या मनोऱ्यावरही निशाण असे. निशाण फडकत असले म्हणजे साहेब मुक्कामास आहेत असे समजावे, ही त्यांची रीत. आपल्याकडे वाड्याच्या नगारखान्यावर चौघडा झडे, तसेच हे. फरक इतकाच की चौघडा ऐकू येई आणि निशाण पाहावे लागे.

मनोऱ्याखालचे घर मात्र केवळ विलायतेची नक्कल नव्हे. इटलीच्या धाटणीत अर्धवर्तुळ कमानींच्या रांगा असतात. इंग्लंडात त्यांचा उपयोग शोभेपुरताच होई, कारण तेथे ऊन अडविण्याची गरजच नाही. येथे त्यांच्यामागे रुंद व्हरांडा धरला की त्याच कमानी कामाच्या ठरतात. ऊन आणि पावसाची झड बाहेरच्या बाहेर थांबते, आतल्या भिंतीस ओल लागत नाही, आणि दारे उघडी ठेवून वारा घेता येतो. भिंती पुण्याच्या करड्या-काळ्या दगडाच्या, चांगल्या जाड. सिमेंटाची चाल अजून पडावयाची होती, म्हणून सांधे चुन्याचे. जाड दगडी भिंत दिवसाचे ऊन हळूहळू पिते आणि रात्री हळूहळू सोडते, आणि उंच छतामुळे तापलेली हवा डोक्यावर राहते. पुढे गाडी थेट दाराशी येऊन थांबावी आणि उतरणाऱ्यावर थेंब पडू नये म्हणून छपराची देवडी. पावसाळी घरास हे सारे आवश्यकच होते. जे घर पाहणाऱ्यास निव्वळ ऐट वाटते, त्यातील निम्मे भाग पावसाने ठरविलेले आहेत.

आपला वाडा आणि हा बंगला यांची तुलना केली म्हणजे दोन्ही अधिक चांगले समजतात. वाडा आत पाहतो. रस्त्याकडे त्याची पाठ. भिंत जवळजवळ कोरी, एक दिंडी दरवाजा, आणि उजेड, वारा, तुळस, बायकामुलांचा वावर हे सगळे चौकात. बंगला बाहेर पाहतो. त्याला चौक नाही. त्याचा उजेड चोहो बाजूंनी येतो, आणि एकान्त भिंतीने नव्हे तर अंतराने राखलेला असतो, सभोवती इतकी जमीन ठेवावयाची की परक्या माणसाची नजर पोहोचू नये. वाड्यास गल्ली पुरते, बंगल्यास माळ लागतो. म्हणूनच पुण्यात शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतून असे घर होणे शक्य नव्हते. ते खिंडीपाशीच व्हावयाचे.

दुसरा मोठा भेद स्वयंपाकघराचा. वाड्यात ते घराच्या अगदी गाभ्याशी, देवघराच्या शेजारी, सोवळ्याओवळ्याच्या शेवटच्या उंबरठ्याआत. बंगल्यात ते सर्वांत दूर, कारण साहेबास धूर, वास आणि आगीचे भय घरात नको. परंतु दूर शिजविलेले अन्न पावसातून ताटापर्यंत गरम आणावे कसे? गणेशखिंडीत यावर एक उपाय केलेला आहे. इमारतीखाली एक भुयार आहे, आणि त्यातून नोकर स्वयंपाकघरातील पात्रे भोजनगृहाकडे नेत असत. पाहुण्यांस वाढणारे हात दिसत. आणणारे पाय दिसत नसत. भुयार म्हटले की आपल्या लोकांस अवसान चढते. महाराष्ट्रात असा किल्ला नाही आणि असा वाडा नाही की ज्याचे भुयार दहा कोसांवरच्या दुसऱ्या किल्ल्यास जाऊन मिळत नाही. गणेशखिंडीच्या भुयारातून मात्र कोणी राजा निसटलेला नाही. त्यातून फक्त भात, रस्सा आणि भाजलेले मांस गेले. परंतु त्या राहणीविषयी जितके ते सांगते, तितके दिवाणखान्यातील झुंबर सांगत नाही.

१८७३ मध्ये घराच्या शेजारी वनस्पतींची नवी बाग करण्यात आली आणि दापोडीच्या बागेची परंपरा तिकडे आली. हे झाड जगले आणि ते मेले, अशी नोंद ठेवणारी ती बाग अद्याप आहे.

या घराच्या आयुष्यातील एक रात्र सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. १८९७ च्या आरंभी पुण्यास प्लेगने ग्रासले. साथ आवरण्यासाठी नेमलेल्या खास समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरोघर सोजीर घालून तपासणी चालविली. रोगी उचलून नेणे, घरे धुऊन काढणे, सामान जाळणे, या सर्वांत देवघर आणि माजघर यांची मर्यादा राहिली नाही. जे घर आत पाहणारे होते, त्याच्या अगदी आतपर्यंत परका बूट गेला. शहराचा संताप किती खोल होता हे वाड्याची रचना ध्यानात घेतल्याशिवाय उमजत नाही. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी गणेशखिंडीच्या घरी समारंभ केला. दिव्यांची रोषणाई झाली, टेकड्यांवर होळ्या पेटविल्या गेल्या. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या गाड्या एकामागून एक फाटकाबाहेर पडून शहराच्या वाटेस लागल्या. रस्त्याच्या कडेस दामोदर आणि बाळकृष्ण हे चापेकर बंधू दबा धरून बसले होते. दामोदरांनी रँड यांच्यावर गोळी घातली. मागील गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट यांस बाळकृष्णांची गोळी लागून ते जागीच ठार झाले. रँड ३ जुलै रोजी मरण पावले. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेले. १८९९ च्या मे महिन्यात वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर हे पाच दिवसांच्या आत त्याच मार्गाने गेले. एका आईचे तिन्ही मुलगे. याच प्रकरणाच्या धामधुमीत लोकमान्य टिळकांस केसरीतील लिखाणाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

त्याच प्लेगात, त्या रात्रीच्या साडेतीन महिने आधी, पुण्यात आणखी एक मृत्यू घडला होता. त्याचा गणेशखिंडीच्या समारंभात उच्चारही झाला नसेल. जोतीराव फुले यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी आपले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांच्याकरवी शहराबाहेर हडपसरच्या बाजूस रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, अशी हकिगत आहे. त्यांसच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा चालू झाली तेव्हा ज्यांच्यावर शेणगोळे पडले, त्या या बाई. प्लेगाचा तोच वसंत, तेच शहर. एक मनुष्य सोजिरांकरवी रोगी उचलवीत होता आणि एक बाई स्वतःच्या पाठीवर रोगी उचलीत होती.

स्वातंत्र्यानंतर या घराचे करावयाचे काय, हा प्रश्न आलाच. मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हे पुण्याशी जुना संबंध असलेले गृहस्थ. महाराष्ट्रास स्वतंत्र विद्यापीठ हवे ही मागणी जुनी होती. पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ मध्ये झाला, १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आरंभी कचेरीला जागा मिळाली ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या निजाम अतिथिगृहात. त्या अतिथिगृहातून १ जून १९४९ रोजी ती उठून गणेशखिंडीच्या घरात आली, आणि भोवतालची चारशेहून अधिक एकर जमीन तिच्या हाती पडली. दिनांक पाहण्यासारखा आहे. अगदी ज्या दिवसांत पूर्वी साहेबांचा पावसाळी मुक्काम सुरू व्हावयाचा, त्याच दिवसांत कारकून आणि दप्तरे आली.

राहण्यासाठी बांधलेले घर कचेरीच्या उपयोगी आणणे सोपे नसते. परंतु बंगल्याची एक सोय येथे कामास आली. त्याच्या खोल्या एकीतून दुसरीत जाण्यापेक्षा व्हरांड्यात उघडतात. निजावयाच्या खोलीत नोंदवही ठेवली तरी येणाऱ्याजाणाऱ्यास अडचण होत नाही. वाड्यात असे झाले असते, तर परीक्षेच्या गुणांची चौकशी करणारा विद्यार्थी माजघरातून फिरला असता. पुढे मुख्य इमारतीतील सभागृहास संत ज्ञानेश्वरांचे नाव देण्यात आले. ज्यांची पालखी प्रतिवर्षी पुण्यावरून वेळापुरास येऊन विसावते, त्यांचे नाव त्या छताखाली नांदते आहे.

आरंभी या विद्यापीठाचा पसारा बारा जिल्ह्यांवर होता आणि सोलापूर त्यांत होते. १९४० मध्ये निघालेले सोलापूरचे दयानंद महाविद्यालय मुंबईकडून पुण्याकडे आले. एखाद्या माळकरी शेतकऱ्याचा मुलगा बी. ए. झाला म्हणजे त्याच्या पदवीपत्रावरचा शिक्का गणेशखिंडीतून येई. १९६२ मध्ये कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाले आणि सोलापूर जिल्हा तिकडे गेला. २००४ मध्ये सोलापूरचे स्वतःचे विद्यापीठ झाले. तेरा वर्षांचाच तो संबंध, पण ज्या जिल्ह्याने कापसाच्या उतरत्या भावाची झळ सोसली, त्यास त्या कापसाच्या घरातून काही परत मिळाले ते याच तेरा वर्षांत.

२०१४ साली पुणे विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. कागदांवर, पाट्यांवर आणि फाटकावर ते नाव चढले. अलीकडच्या वर्षांत मुख्य इमारतीची जुन्या पद्धतीने डागडुजीही झाली.

गव्हर्नरांच्या वारसांनी मात्र ही शीव अगदीच सोडलेली नाही. विद्यापीठाच्या लगतच, पहिल्याहून पुष्कळ लहान अशा घरात, राज्यपालांचे पुण्याचे निवासस्थान आहे. राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती असतात, आणि पदवीदान समारंभास येतात तेव्हा शेजारून पाहुणे म्हणून येतात.